अंगविशिष्ट जखमा आणि भूमिकाखेळांचे नियम

पटावर युद्ध मांडणारे खेळ आपल्याकडे पुरातन आहेत; परंतु त्या खेळांत मरण आहे, जखम नाही. बुद्धिबळात घोडा मारला जातो तो समूळ. लंगडा झालेला घोडा अडीच घरांऐवजी दीड घर चालतो, असा नियम कोणी केला नाही. सोंगट्यांच्या खेळात मारलेली सोंगटी मुकाट्याने आरंभस्थानी जाते आणि पुन्हा पहिल्यासारखीच धावू लागते. हुतूतूमध्ये तर मेलेला गडी प्रतिपक्षाचा गडी बाद होताच जिवंत होऊन मैदानात उतरतो. संपूर्ण आरोग्य आणि मरण या दोहोंच्या मध्ये जी विस्तीर्ण अवस्था असते, आणि लढाईहून परतलेली कित्येक माणसे ज्या अवस्थेत आपले उरलेले आयुष्य काढतात, तिची दखल या खेळांनी घेतलेली नाही. ती घेण्याचा पद्धतशीर प्रयत्न गेल्या अर्धशतकात भूमिकाखेळांच्या नियमकारांनी केला. इतिहासाच्या अध्यापनात अशा खेळांचा उपयोग करून पाहावा, अशी सूचना अलीकडे होत असते. आपल्या जिल्ह्यातील खर्ड्याच्या लढाईसारखा विषय त्यासाठी घ्यावयाचे ठरविले, तर जखमी माणसाचे पटावर काय करावयाचे, हा प्रश्न पहिल्याच बैठकीत उभा राहील. म्हणून या नियमांची तपासणी येथे करावयाची आहे.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. भूमिकाखेळात चारसहा माणसे टेबलाभोवती बसतात. एकजण सूत्रधार असतो. प्रसंग, स्थळ आणि इतर सर्व पात्रे त्याच्या हाती असतात. बाकीचे प्रत्येकी एकेक पात्र चालवितात आणि ते पात्र काय करते ते तोंडाने सांगतात. जेथे निष्पत्ती अनिश्चित असते तेथे फासे टाकावयाचे व नियमपुस्तकानुसार निर्णय घ्यावयाचा. एकच पात्र महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षे चालविले जाते. ही शेवटची गोष्ट वाचकाने ध्यानात ठेवावी, कारण पुढील बहुतेक अडचणी तिच्यातूनच निघतात.

या खेळाचे मूळ सैनिकी पटखेळांत आहे. प्रशियाच्या सैन्यात रायस्विट्झ नावाच्या अधिकाऱ्याने १८२४ साली जो युद्धखेळ प्रसिद्ध केला, त्यात फासे व कोष्टके यांच्या साहाय्याने पलटणीची हानी मोजली जात असे. तेथे हानी म्हणजे संख्येतील घट होय; एकट्या शिपायाचा पाय मोडला की हात, हे विचारण्याचे कारणच नव्हते. अमेरिकेत गॅरी गायगॅक्स व जेफ पेरेन यांनी १९७१ मध्ये ‘चेनमेल’ हे नियम काढले, त्यातही साधा शिपाई एका आघातात संपे. ‘हीरो’ म्हणून जो विशेष योद्धा होता तो चार शिपायांच्या तोलाचा मानला जाई आणि त्याला मारण्यास एकाच वेळी चार आघात लागत. पुढे डेव्ह आर्नेसन यांच्या मंडळीत प्रत्येक खेळाडू एकेकच पात्र चालवू लागला. एका दुर्दैवी दानाने आपले पात्र नाहीसे व्हावे हे खेळाडूंना रुचेना, आणि आर्नेसन यांनी आघात सोसण्याची क्षमता आकड्यात मांडली. १९७४ साली गायगॅक्स व आर्नेसन यांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ प्रसिद्ध झाला तो हा आकडा घेऊनच. त्याचे प्रचलित नाव ‘हिट पॉइंट’. आपण त्यास जीवांक म्हणू.

जीवांकाचे गणित सोपे आहे. पात्राजवळ तीस जीवांक असले, आणि तलवारीच्या वाराने सात गेले, तर तेवीस उरतात. परंतु तेवीस उरलेला माणूस तिसांच्या माणसाइतकाच जोमाने लढतो आणि एकच उरलेलाही तसाच लढतो. शून्यावर आला की कोसळतो. सोंगटीचेच हे विस्तारित रूप होय. गायगॅक्स यांना याची जाणीव होती. १९७८ व १९७९ च्या आपल्या ग्रंथांत त्यांनी असा खुलासा केला की, जीवांक म्हणजे केवळ शरीराची ताकद नव्हे. कौशल्य, नशीब, दैवी कृपा हे सारे त्यात आले, आणि जीवांक गेला म्हणजे मांस कापले गेलेच असे समजू नये. खुलासा चतुर आहे. मात्र त्याच खेळात विषारी शस्त्राचा परिणाम व्हावयाचा तर ते शस्त्र अंगात शिरलेलेच असावे लागते, तेथे हा खुलासा लंगडा पडतो.

असमाधान लवकरच प्रकट झाले. १९७५ च्या ‘ब्लॅकमूर’ या पुरवणीतच आघात शरीराच्या कोणत्या भागावर झाला हे ठरविणारी कोष्टके आली होती. ती फारशी रूढ झाली नाहीत. या पद्धतीला स्थैर्य आले ते १९७८ च्या ‘रूनक्वेस्ट’ या खेळामुळे. त्याचे मुख्य कर्ते स्टीव्ह पेरिन हे कॅलिफोर्नियातील, मध्ययुगीन पद्धतीची द्वंद्वे हौसेने खेळणाऱ्या मंडळातले होते आणि स्वतः ढालतलवार घेऊन उतरत. त्या द्वंद्वांचा संकेत असा की, हातावर वार बसला तर तो हात वापरावयाचा नाही, पायावर बसला तर गुडघ्यांवर बसून लढावयाचे. हाच संकेत त्यांच्या नियमांत दिसतो. प्रत्येक अवयवाला स्वतंत्र जीवांक दिलेले असून अवयवाचा अंक शून्यावर आला की तो अवयव निकामी होतो. चिलखतही अवयवागणिक वेगळे. शिरस्त्राण घ्यावे की पायांवरचे कवच घ्यावे, हा खर्चाचा आणि ओझ्याचा प्रश्न त्यामुळे खेळाडूपुढे खराखुरा उभा राहतो.

आघातस्थान ठरविण्यासाठी वीस बाजूंचा फासा टाकतात. १ ते ४ उजवा पाय, ५ ते ८ डावा पाय, ९ ते ११ पोट, १२ छाती, १३ ते १५ उजवा हात, १६ ते १८ डावा हात, १९ व २० डोके. म्हणजे पायांवर शेकडा ४०, हातांवर ३०, पोटावर १५, डोक्यावर १० आणि छातीवर अवघे ५. प्रथमदर्शनी हे प्रमाण विचित्र वाटते. परंतु ढाल घेतलेल्या माणसाची छाती झाकलेली असते आणि पाय उघडे पडतात. स्वीडनच्या गोटलंड बेटावर व्हिस्बी येथे १३६१ साली झालेल्या लढाईतील मृतांच्या सामुदायिक कबरी विसाव्या शतकात उकरण्यात आल्या, तेव्हा नडगीच्या हाडांवरील शस्त्रघाव मोठ्या संख्येने आढळले. त्याच्याशी हे प्रमाण जुळते. याच खेळाच्या १९८४ च्या आवृत्तीत बाण व अन्य फेकीच्या शस्त्रांसाठी निराळे कोष्टक दिले, त्यात छातीचा वाटा शेकडा २५ झाला आणि पायांचा ३० वर आला. कोष्टक हे एक विधान असते. अमुक शस्त्र अमुक रीतीने वापरले जाते, असे ते सांगते. इतिहासाच्या विद्यार्थ्याला ते तपासता येते, आणि या खेळांचे अध्यापनातील मोल आमच्या मते येथेच सर्वांत अधिक आहे.

यानंतर तपशिलाची जणू चढाओढ लागली. १९८० च्या ‘आर्म्स लॉ’ या ग्रंथात कापणे, भोसकणे आणि ठेचणे यांची निरनिराळी कोष्टके आली. शंभरापर्यंतच्या दानानुसार एखादी बरगडी मोडते, स्नायू तुटतो, किंवा माणूस जागीच मरतो. ‘वॉरहॅमर’ या नावाच्या १९८६ च्या भूमिकाखेळातही अशी अवयववार कोष्टके आहेत. ती वाचताना एक प्रकारची क्रूर करमणूक होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. कित्येक खेळाडू ती करमणुकीसाठीच वाचतात. पण त्यांतील एक दोष सहज ध्यानात येत नाही, म्हणून तो गणिताने दाखवितो.

समजा, प्रत्येक चकमकीत एखादा अवयव कायमचा गमावण्याची शक्यता वीसांत एक आहे. सूत्रधाराचा शत्रुसैनिक बहुधा एकाच चकमकीपुरता असतो. त्याला हा धोका शेकडा ५. खेळाडूचे पात्र मात्र चकमकीमागून चकमक लढत राहते. दहा चकमकींनंतर निदान एक अवयव गमावलेला असण्याची शक्यता शेकडा ४० होते आणि वीस चकमकींनंतर ६४. दोन्ही बाजूंना समान लागू होणारा नियम व्यवहारात एकाच बाजूवर कोसळतो. त्यात भर अशी की, जखमेमुळे पात्र दुबळे झाले म्हणजे पुढचा वार चुकविणे त्याला अधिक कठीण जाते आणि त्यातून आणखी जखम होते. अशी घसरण एकदा सुरू झाली की, टेबलाशी बसलेल्या खेळाडूला तासभर दुसऱ्यांचे दान पाहत बसण्यावाचून काम उरत नाही. साध्या जीवांकाचा पुरस्कार करणारे जे म्हणतात की अंगविशिष्ट जखमा खेळाला मारक ठरतात, त्यांच्या म्हणण्यात एवढे तथ्य आहे.

तथापि यातून वाट काढणारे नियमही झाले. ‘गर्प्स’ या १९८६ पासूनच्या खेळात जखमेचे स्थान आणि जखमेचा काळ यांची फारकत केलेली आहे. एका आघाताने हातपायाला एकूण जीवांकांच्या निम्म्याहून अधिक इजा झाली तर तो अवयव निकामी होतो. परंतु ही दुखापत तात्पुरती, काही महिन्यांची की जन्माची, हे लढाई संपल्यावर निराळ्या दानाने ठरते. महिन्यांची असल्यास सहा बाजूंचा फासा जितका पडेल तितके महिने. ही फारकत फार महत्त्वाची आहे, कारण प्रत्यक्षातही रणांगणावर जखमी माणसाला आपला हात राहणार की जाणार हे ठाऊक नसते. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या २०१४ च्या सूत्रधार-ग्रंथात रेंगाळणाऱ्या जखमांचे एक ऐच्छिक कोष्टक आहे. वीसांपैकी तीन दानांत डोळा, हात किंवा पाय जातो, तर शेवटच्या चार दानांत किरकोळ व्रण राहतो. मात्र ते एरवी वापरावयाचे नाही. मोठा वार बसला किंवा पात्र शून्यावर आले अशा प्रसंगीच काढावयाचे. गणिती दोषावर हा उपाय पुरेसा आहे, कारण शक्यता कमी केली की वीस चकमकींचा हिशेब बदलतो.

याहून मूलगामी प्रश्न निराळा आहे. अवयव गेला म्हणजे नेमके काय गेले? आदिपर्वातील एकलव्याची कथा आपणां सर्वांना परिचित आहे. द्रोणाने उजवा अंगठा मागितला. तो दिल्यानंतर एकलव्य उरलेल्या बोटांनी बाण सोडू लागला, परंतु पूर्वीची शीघ्रता राहिली नाही. कथाकाराने येथे किती नेमके बोट ठेवले आहे! एकलव्याचे बळ घटले नाही, दृष्टी घटली नाही, वनातील त्याची गती घटली नाही. जीवांकाच्या भाषेत त्याची हानी एकदोन अंकांची भरेल, आणि प्रत्यक्षात मात्र जे एक कौशल्य त्याला अर्जुनाच्या बरोबरीला आणीत होते तेवढेच गेले. नियमकाराने अवयवाचे नाव कोष्टकात लिहून थांबू नये. त्या अवयवावर पात्राचे कोणते काम अवलंबून आहे ते पाहावे. लेखकाचा पाय आणि हरकाऱ्याचा पाय यांची किंमत सारखी नसते.

कायद्याने ही किंमत सरसकट ठरविण्याचा प्रयत्न पूर्वीपासून केला आहे. इंग्लंडात केंटचा राजा एथेलबर्ट याच्या, इ. स. ६०० च्या सुमाराच्या कायद्यात डोळ्याबद्दल ५० आणि अंगठ्याबद्दल २० शिलिंग भरपाई सांगितलेली आहे. आपल्याकडील १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात अंगठा गेल्यास उपार्जनक्षमतेत शेकडा ३० घट, तर्जनी पूर्ण गेल्यास १४, मधले बोट गेल्यास १२ आणि अनामिका किंवा करंगळी गेल्यास ७, असे आकडे आढळतात. साखर कारखान्यांच्या या जिल्ह्यात, जेथे यंत्राशी काम करणारे हजारो हात आहेत, हे परिशिष्ट केवळ पुस्तकी खचितच नव्हे. तबलजीची करंगळी आणि हमालाची करंगळी त्यात एकाच आकड्याने मोजली जाते. न्यायालयाला असा ठोकळेबाजपणा काही अंशी पत्करावाच लागतो. खेळाच्या सूत्रधाराला तो पत्करण्याचे कारण नाही, कारण त्याच्यापुढे चारपाचच पात्रे असतात आणि त्या सर्वांचे उद्योग त्याला ठाऊक असतात.

अलीकडच्या नियमांत आणखी एक कल्पना आली आहे, आणि ती आपल्या भाषेत फार पूर्वीपासून वावरत आहे. ‘फेट’ या खेळाच्या २०१३ च्या आवृत्तीत खेळाडू आपल्या पात्रावरील आघात स्वेच्छेने एखाद्या जखमेच्या रूपाने झेलू शकतो. सौम्य जखम आघाताचे दोन अंक शोषून घेते, मध्यम चार, गंभीर सहा. आणि जखमेचे नाव काय ठेवावयाचे हेही टेबलाशीच ठरते. ‘अपोकॅलिप्स वर्ल्ड’ या २०१० च्या खेळातही मरणाच्या मोबदल्यात कायमचे वैगुण्य पत्करण्याची मुभा आहे. जखम येथे दैवाने अंगावर घातलेली शिक्षा उरत नाही. तो मरणाशी केलेला सौदा ठरतो. आपण मराठीत जिवावरचे बोटावर निभावले असे म्हणतो ते याहून वेगळे काय आहे? ५ एप्रिल १६६३ च्या रात्री पुण्याच्या लाल महालात शायिस्ताखानाचे प्राण वाचले, बोटे गेली. त्याचा मुलगा मारला गेला, आणि थोड्याच अवधीत खानाची बंगालकडे रवानगी झाली. बोटांच्या त्या जखमेने खानाची तलवार किती दुबळी झाली याची चौकशी कोणी केली नाही. त्याचा दरारा गेला. नियमाच्या भाषेत, ही जखम हाताच्या कोष्टकात न लिहिता प्रतिष्ठेच्या रकान्यात लिहावी लागेल. अशी नोंद करण्याची सोय अवयववार जीवांकांच्या पद्धतीत नाही. जखमेला नाव देऊन ठेवणाऱ्या पद्धतीत आहे.

आता खर्ड्याकडे येऊ. जामखेड तालुक्यातील या गावाजवळ ११ मार्च १७९५ रोजी पेशवे व निजामअली यांच्या फौजांची गाठ पडली. मराठ्यांच्या बाजूला शिंदे, होळकर आणि नागपूरकर भोसले होते, आणि फौजेची मुख्य धुरा परशुरामभाऊ पटवर्धन यांच्याकडे होती. पाहणीसाठी भाऊ पुढे गेले असता निजामाकडील पठाणांनी त्यांच्यावर हल्ला केला आणि त्यात ते जखमी झाले. भाऊ त्यातून उठले व पुढेही मोहिमा करीत राहिले. त्यांचा अंत १७९९ साली पट्टणकुडीच्या लढाईत झाला. हा प्रसंग पटावर मांडताना साध्या जीवांकाचा नियम वापरला तर सेनापतीचे दहाबारा अंक जातील आणि कोणावरही काही परिणाम होणार नाही. सेनापती घोड्यावरून खाली आला हे पाहून भोवतालच्या स्वारांचे जे काय होते, ते त्या नियमाला दिसतच नाही. उलट ‘आर्म्स लॉ’च्या धर्तीचे कोष्टक घेतले तर एका दानात भाऊ मरतील आणि पुढचा इतिहासच खुंटेल. त्यामुळे स्थान, काळ आणि सौदा या तिन्ही कल्पनांची सांगड घालणे आम्हांस अधिक सयुक्तिक वाटते.

यासाठी परदेशी कोष्टक जसेच्या तसे उचलता येणार नाही. ते पायउतार होऊन लढणाऱ्या ढालकऱ्याचे आहे. खर्ड्याचा स्वार घोड्यावर आहे. स्वारास्वारांतील तलवारीच्या चकमकीसाठी, केवळ सूचना म्हणून, पुढील वाटणी करून पाहता येईल: १ ते ६ घोडे, ७ ते ९ पाय, १० ते १३ शस्त्राचा हात, १४ व १५ लगामाचा हात, १६ ते १८ धड, १९ व २० डोके. लगामाचा हात गेला तर तलवार चालते, पण घोडे आवरत नाही. शस्त्राचा हात गेला तर पळ काढता येतो. या दोन जखमांतील फरक खेळाडूला सांगावा लागत नाही, पुढच्याच दानात तो कळून येतो. प्राणघातक वार आल्यास खेळाडूने मरण पत्करावे किंवा त्याऐवजी एखादे कायमचे वैगुण्य घ्यावे. ते किती टिकते याचे दान लढाईनंतर टाकावे. तोफगोळ्यांना मात्र हे कोष्टक लावू नये. तेथे आघातस्थान शोधण्याइतका अवकाशच उरत नाही, आणि खर्ड्यास दोन्हीकडे तोफा होत्या.

घोड्याला शेकडा ३० वाटा का दिला, असे कोणी विचारील. लढाईच्या नुकसानीचे वर्तमान देणाऱ्या मराठी पत्रांत माणसांबरोबर घोडीही मोजलेली असतात, आणि तसे करण्यास सबळ कारण होते. शिलेदार स्वतःचे घोडे घेऊन चाकरीस येई. बारगीर सरकारी घोड्यावर बसे. शिलेदाराचे घोडे पडले म्हणजे त्याच्या अंगावर ओरखडा नसला तरी त्याचा दर्जा आणि मिळकत दोन्ही धोक्यात येत. बारगिराचे घोडे पडले तर नुकसान सरकारचे. म्हणजे एकाच दानाचा अर्थ एका स्वारासाठी दुसऱ्या घोड्याची वाट पाहणे आणि दुसऱ्यासाठी कर्ज, असा होईल. पात्र निर्माण करतानाच शिलेदार की बारगीर हे नोंदविलेले असले पाहिजे.

राहता राहिला लढाईनंतरचा भाग. खेळाडू बहुधा तो टाळतात आणि सूत्रधारही पुढच्या चकमकीची घाई करतो. सभासदाच्या बखरीत अफजलखानाच्या प्रसंगानंतरची हकीकत येते, तिच्यात जखमी लोकांना दोनशे होनांपासून पंचवीस होनांपर्यंत, जखमेचे मान पाहून, रकमा दिल्याचे आणि मृतांच्या मुलांची व विधवांची सोय लावल्याचे सांगितले आहे. ती रक्कम सतराव्या शतकातली आहे, ती १७९५ ला लावता येणार नाही. पण तो प्रसंग घेता येईल. बैठकीचा शेवटचा अर्धा तास सूत्रधाराने कारकून व्हावे, ठार, जखमी आणि घोडी अशी याद करावी, आणि प्रत्येक जखमी पात्राने आपली जखम त्याच्यापुढे येऊन स्वतःच्या शब्दांत सांगावी. कोणत्या जखमेला किती द्यावयाचे हे कोष्टकावर न सोपविता उरलेल्या खेळाडूंनी मिळून ठरवावे. आणि लगामाचा हात गेलेला बारगीर पुढच्या मोहिमेस ठेवावयाचा की घरी पाठवावयाचा, हेही त्यांनाच ठरवू द्यावे.